ओल्या पोत्याखालचा ड्रॅगन

मेथीला पहिली तीन पानं फुटली की मला ड्रॅगन आठवतो. हे मी एकदा शेजारणीला सांगून पाहिलं. तिने हातातली भाजी खाली ठेवली, माझ्या कपाळाला हात लावला आणि ताप नाही म्हटल्यावर पुन्हा निवडायला घेतली. तेव्हापासून ही गोष्ट मी घराबाहेर काढत नाही. पण आज विहिरीकडच्या वाफ्यात गेले, दवाने पाय ओले झाले, मागून पेरलेल्या वाफ्यावर हिरवी लव धरलेली दिसली आणि तीन वर्षांपूर्वीचा तो हिवाळा सगळाच्या सगळा परत आला. अंगणातल्या उन्हात बाजेवर प्लास्टरचा पाय लांब करून बसलेल्या आत्याबाई, त्यांच्या हातात माझा मोबाईल, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक, "रेणू, अवं लवकर ये वं! याचा ड्रॅगन आला न!"

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमचं गाव वाशीमपासून ऑटोने अर्ध्या तासावर. विहिरीला बारमाही पाणी, म्हणून घरात पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला. पिकवायचं काम घरातल्या माणसांचं आणि विकायचं आत्याबाईंचं. तीस वर्षं त्या वाशीमच्या आठवडी बाजारात एकाच जागेवर बसत आल्या होत्या. कडुनिंबाची सावली दुपारपर्यंत हलत नाही आणि हापशी चार पावलांवर, अशी ती जागा. सावलीत भाजी कोमेजत नाही आणि कोमेजलीच तर पाणी मारायला लांब जावं लागत नाही. सगळ्या ओळीचा डोळा त्या जागेवर असायचा, आणि तो असतो हे आत्याबाईंना मनातून फार आवडायचं.

त्या वर्षी कार्तिकात त्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, घसरल्या आणि पायाचं हाड मोडलं. डॉक्टरांनी दीड महिना पाय टेकवू नका म्हणून सांगितलं. पायाचं दुखणं त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. मनावर घेतली ती जागा. त्या ओळीचा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्या बायांना पाठ आहे. ज्याचं पोतं त्याची जागा. पोत्यावर माल आहे तोवर कोणी हलवणार नाही. माल संपला की पोतं उचलायचं, मग शेजारणीने सरकायचं. आणि लागोपाठ तीन बाजार शेजारीण तिथे सरकली, तर चौथ्या बाजारापासून ती जागा तिची. भांडण नाही, तंटा नाही. जागा गेली ती गेली.

आमचे हे म्हणाले, मी बसतो. आत्याबाईंनी त्यांना झटकून टाकलं. बायांच्या ओळीत माणूस बसत नसतो. राहता राहिले मी. माझं माहेर मंगरूळपीर, शिक्षण बीएस्सी, लग्नाला पाच महिने झालेले, आणि आयुष्यात मी एक पेन्सिलसुद्धा कोणाला विकलेली नव्हती. मला मनापासून वाटत होतं की या घराला माझा काहीतरी उपयोग व्हावा. तो होईल याची मात्र मला स्वतःलाच खात्री नव्हती.

पहिल्या बाजाराला मी सगळ्यात सुंदर मेथी टोपलीत वर रचली. काड्या एकसारख्या, पानं टपोरी, मुळांची माती धुतलेली. गिऱ्हाईक आलं की त्याने विचारायच्या आत मीच भाव सांगत होते. नऊच्या आत सगळं संपलं. पोतं घडी करून मी अशी काही मिरवत घरी आले, जणू गड जिंकून आले होते.

"किती वाजता सपलं?" आत्याबाईंनी विचारलं.

"नवालेच!" मी म्हणाले.

"अन मंग जाग्यावर कोण बसलं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बसली होती सुभद्रामावशी. त्यांची जागा शेजारची, उन्हातली. मी पोतं उचललं तसा त्यांनी टोपला सरकवला होता, आणि मी वर हसून "बसा मावशी" म्हणून आले होते. आत्याबाईंनी मला रागवावं असं मला फार वाटलं. रागावणं सोपं असतं, दोन्ही बाजूंना. त्या नुसत्या कडुनिंबाच्या दिशेने, म्हणजे वाशीमच्या दिशेने, बघत बसल्या.

त्या दुपारी मन रमवायला मी ओट्यावर बसून मोबाईलवर खेळत होते. हॉस्टेलमध्ये असताना लागलेलं हे वेड. प्रत्येकाजवळ तीन राक्षस. कोणी विस्तवाचा, कोणी पाण्याचा, कोणी लोखंडाचा, कोणी बर्फाचा, कोणी ड्रॅगन. समोर कुठल्या तरी गावचा, कधी न पाहिलेला माणूस आणि त्याचे तीन. मैदानात एका वेळी एकेकच. एक पाळी त्याची, एक आपली. पाळी आली की वार करायचा, नाहीतर दम धरून ताकद वाढवायची, नाहीतर मैदानातला राक्षस परत बोलावून दुसरा पाठवायचा. पोरखेळ वाटतो, पण यात मुरलेली माणसं बुद्धिबळवाल्यांसारखी तासन्‌तास डोकं खाजवतात.

"काय करून राह्यली वं?" बाजेवरून आवाज आला.

मी जरा ओशाळूनच समजावून सांगितलं. त्यांनी हात पुढे केला. "दे इकडं. पाहू दे."

मी त्यांना माझे तीन दाखवले. पहिला एक हिरवा, केसाळ, एवढासा जीव. मार खायला कच्चा, पण समोरच्यावर भुकटी उडवून त्याला सुस्त करणारा. आत्याबाईंनी त्याला नाव दिलं शेपू. दुसरं लोखंडी पाठीचं कासव, कितीही आपटा, तसंच. त्याचं नाव खलबत्ता. आणि तिसरा ड्रॅगन, राखाडी रंगाचा, मोठ्या वशिंडाचा. त्याला पाहिल्याबरोबर त्या म्हणाल्या, "हा तं आपला भुऱ्या होये." भुऱ्या हा घरचा जुना बैल. मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेला. त्याचं नाव घेताना त्यांचा आवाज मऊ झाला.

पहिल्याच डावाला त्यांनी भुऱ्याला पुढे काढलं. मी थांबवायला गेले तर म्हणाल्या, "बोहनी चांगल्या मालानं करा लागते. तुले काय समजते?" समोरच्याने बर्फाचा राक्षस काढला, एक फुंकर मारली आणि भुऱ्या आडवा. दुसऱ्या डावाला पुन्हा भुऱ्या पहिला, पुन्हा आडवा. तिसऱ्यालाही तेच. तीन वेळा बैल पडल्यावर मात्र त्या चिडल्या.

"एवढा मोठा ड्रॅगन, अन एका फुकीत कसा मरते?"

"गार आहे थे, आत्याबाई. ड्रॅगनले विस्तव सोसते, पाणी सोसते. गार नाई सोसत."

त्यांनी नकळत आभाळाकडे पाहिलं. भाजीवाल्या घरात गार, म्हणजे गारपीट, हा शब्द उगाच उच्चारत नाहीत. पाऊस लांबला तर विहीर आहे, कीड पडली तर औषध आहे. गारेला काही नाही. चहा उकळेपर्यंत ती येऊन जाते आणि वाफ्यात नुसत्या काड्या उभ्या राहतात. "मंग बरोबर हाये," त्या हळूच म्हणाल्या. "गारीपुढं कोणाचं चालते."

मग मी त्यांना माझी सगळी विद्या सांगितली. ड्रॅगन पहिला काढायचा नसतो. समोरच्याजवळ गार कोणाच्या हाती आहे ते आधी काढून घ्यायचं. त्यासाठी शेपूला पुढे करायचं, मार खाऊ द्यायचा. गारवाला मैदानात आला की खलबत्ता पाठवायचा, कारण लोखंडाला गार लागत नाही. त्याने गारवाल्याला संपवला, आणि समोर ज्याच्याने आपलं फारसं बिघडत नाही असा कोणी उरला, की मग ड्रॅगन. तोही आल्या आल्या वार करत नाही. एक पाळी नुसता डोलतो. पोळ्याच्या मिरवणुकीत बैल झूल हलवत डोलतो तसा. त्या एका डोलण्याने त्याची ताकद वाढते, वेग वाढतो, आणि मग तो एकामागून एक सगळे झोपवतो.

आत्याबाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी मोबाईल मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"हे सारं तुले समजते?"

"हाव."

"मंग बाजारात मेथी पयले काहून काढली?"

मला आजही हा प्रश्न आठवला की कानशिलं गरम होतात. हसूही येतं. तीन डाव भुऱ्याला पहिला काढून मारणारी बाई मला हे विचारत होती, आणि दोघींपैकी एकीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मग त्यांनी त्यांची विद्या सांगितली. सकाळी सातला येतं ते घासाघीस करणारं गिऱ्हाईक. त्याच्यापुढे मुळा, शेपू, वांगी मांडायची. त्याला सगळ्या ओळीशी भांडू द्यायचं. चांगली मेथी ओल्या पोत्याखाली झाकून ठेवायची. दहा वाजेपर्यंत इतरांची मेथी एकतर संपते, नाहीतर उन्हाने मान टाकते. अकराला नोकरीवाल्या बाया येतात, खानावळवाले येतात. त्यांना घाई असते आणि डोळ्यापुढे दुसरी मेथी नसते. तेव्हा पोतं उचलायचं. आणि भाव आपण आधी बोलायचा नाही. "जो जुडी हातात घेऊन भाव इचारते न, थो घेतेच. जो नुसता पायानं दाखवते, त्याले पाणीबी पाजाचं नाई."

दुसऱ्या बाजाराला मी सगळं पाठ करून गेले. मेथी पोत्याखाली झाकली. पण पोत्याच्या कडेने एक हिरवं पान डोकावत होतं, आणि एका बाईने ते पाहिलं. "मेथी हाये न, मंग देत काहून नाई?" तिने जरा आवाज चढवला. मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जन्माचा रोग. एकीला दिली, मग दुसरीने मागितली, मग रांगच लागली आणि मेथीपाठोपाठ बाकीचंही गेलं. साडेनवाला माझं पोतं पुन्हा रिकामं. सुभद्रामावशी या खेपेला जरा अवघडूनच सरकल्या. वाईट बाई नाहीत त्या. त्यांनाही ऊन लागतंच. पण कायदा तो कायदा.

घरी येताना ऑटोत मला रडू आलं. मनात आलं, ही जागा माझ्यामुळे जाणार, आणि मग या घरात मी कायमची "जिच्यापायी जागा गेली ती" होणार. कोणी तोंडावर म्हणणार नाही, पण दर हिवाळ्यात मेथी उगवेल आणि सगळ्यांना आठवेल. आत्याबाईंनी माझा चेहरा पाहिला आणि सरकून बाजेवर जागा केली. "ये," म्हणाल्या, "भुऱ्याले खेळवू."

तो एक आठवडा आम्ही खूप खेळलो. सकाळी वाफ्यांना पाणी, मग भाकरी, आणि दुपारी उन्हात बाजेवर दोघी. तुरीला शेंगा भरल्या होत्या. आमचे हे सोले, म्हणजे ओले दाणे, आणून देत आणि आम्ही ते खात खात परमुलखातल्या लोकांचे राक्षस पाडत होतो. आत्याबाईंना बोटं नीट चालवता येत नव्हती, पण डोकं बिनचूक चालत होतं. समोरच्याचा चेहरा दिसत नाही हे त्यांना सुरुवातीला फार खटकलं. मग त्यांनी शोध लावला की पाळीचं घड्याळ दिसतं. "हा लगेच दाबून राह्यला. याचं आधीच ठरलं हाये. अन हा पाहाय, किती वेळ लावते. यानं काही तरी झाकून ठेवलं." त्यांचा अंदाज दहातून आठ वेळा खरा निघायचा. तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या पावलांवरून त्यांच्या मनातली किंमत ओळखणाऱ्या बाईला घड्याळ म्हणजे काय मोठं!

एक गोष्ट मात्र त्यांनी शेवटपर्यंत ऐकली नाही. ड्रॅगनला ड्रॅगनही मारतो, म्हणून समोर ड्रॅगन असेल तर आपल्याजवळ एक गारवाला असावा, हे खेळणाऱ्यांमध्ये सर्वमान्य आहे. मी तसा एक राक्षस मिळवून दिला. पांढराशुभ्र, निळ्या डोळ्यांचा, दिसायला गोड. त्यांनी त्याला हातही लावला नाही. "गारीचा जीव माह्या घरात नको."

"खेळ आहे आत्याबाई, खरी गार थोडीच हाये."

"असो. आपण बोलावली म्हंजे झालं का नाई?"

त्या हट्टापायी आम्ही कितीतरी डाव हरलो. आता मला त्या हरण्याचा अभिमान वाटतो. जिंकण्यासाठी माणूस काय करतो हे सगळेच पाहतात. काय करत नाही, हे घरातलीच माणसं पाहतात.

डोलण्याचाही एक धडा त्यांनी स्वतःच्या हाताने शिकला. एकदा डोलला की ताकद वाढते, तर दोनदा डोलवून पाहू, म्हणून त्यांनी भुऱ्याला दुसऱ्यांदा डोलवलं, आणि तेवढ्या पाळीत समोरच्याने झाकून ठेवलेली गार बाहेर काढली. त्यांनी कपाळावर हात मारला. "हाव नडली वं मले," म्हणाल्या. आणखी एकदा, अडचणीत सापडलेल्या भुऱ्याला त्यांनी परत बोलावलं तेव्हा मला वाटलं, यांना हार मानल्यासारखं वाटेल. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. ऊन वाढलं की टोपली सावलीत ओढतो, त्यात कसली आली हार?

त्याच आठवड्यात एक डाव झाला. शेपू मार खाऊन पडली, मग खलबत्त्याने गारवाला चेपला, मग भुऱ्या आला, एकदाच डोलला आणि उरलेल्या दोघांचा हिशेब एकट्याने पुरा केला. पडद्यावर विजयाचं वाजंत्री सुरू झालं. मी म्हणाले, "बिचारी शेपू मात्र गेली."

"गेली काहून? शेपूनं रस्ता केला."

तिसऱ्या बाजाराच्या दिवशी पहाटे टोपल्या भरायला गेले तर मेथी नव्हतीच. शेपूच्या जुड्या, मुळे आणि दुय्यम वांगी, एवढंच. मी विचारलं तर आत्याबाई म्हणाल्या, "आज मेथी नाई जाणार. हेच ने." मी समजले. माझ्यावरचा भरवसा उडाला होता. जागा जाणारच आहे, तर चांगला माल तरी वाया कशाला घालवा. मी मान खाली घालून ऑटोत बसले.

सातला बसले. येणारी प्रत्येक बाई विचारत होती, मेथी नाही का आज? नाही म्हणायला या खेपेला काहीच कष्ट पडले नाहीत, कारण ती खरंच नव्हती. मुळे गेले, वांगी गेली. शेपूला कोणी विचारेना. आयुष्यात पहिल्यांदा मला लोकांच्या नावडीबद्दल कृतज्ञता वाटली. शेपू आहे तोवर पोत्यावर माल आहे, आणि माल आहे तोवर जागा आमची. शेजारी सुभद्रामावशींची मेथी दणक्यात खपली. उरलेल्या दहा-बारा जुड्यांवर त्या हापशीचं पाणी मारत होत्या.

दहाच्या सुमारास एक खानावळवाली बाई आली आणि म्हणाली, "शेपू सारीच दे." तिने जुडी हातात घेऊन भाव विचारला, म्हणजे ती घेणारच होती. "तुमीच सांगा," मी म्हणाले. तिने सांगितला. मी नुसती मान हलवली. तिने पुन्हा सांगितला. मी जुड्या इकडच्या तिकडे केल्या, काड्या सारख्या केल्या, मुळांची माती झटकली. पाळी माझी होती आणि मी घड्याळ संपवत होते. शेवटी तिला सगळ्या दिल्या, पण दोन जुड्या ओढून मागे ठेवल्या.

"थ्या दोन काहून नाई?"

"थ्या नाई देत."

एवढंच बोलले. का, कशासाठी, काही सांगितलं नाही. माझ्या तोंडून निघालेला तो पहिला नकार. बाई पुटपुटत निघून गेली आणि आभाळ कोसळलं नाही. सुभद्रामावशींनी टोपला अर्धा हात माझ्याकडे सरकवला. "काय वं पोरी, दोन जुड्याइवर जागा धरते का?"

"दोन तं दोन, मावशी. माल हाये न?"

त्या दोन जुड्यांवर मी तासभर बसले. कडुनिंबाची सावली तशीच होती. माझ्या मनात काही डाव नव्हता. फक्त एवढंच होतं की उठायचं नाही.

अकराला एक ऑटो बाजाराच्या तोंडाशी थांबला. आधी बाहेर आला प्लास्टरचा पाय. मग आमच्या यांनी उचलून खाली उतरवलेल्या आत्याबाई, आणि त्यांच्या मागून एक मोठा टोपला, ओल्या पोत्याने झाकलेला. सगळी ओळ माना वळवून पाहत होती. आमचे हे त्यांना धरून हळूहळू जागेपर्यंत घेऊन आले. त्या बसल्या, पाय लांब केला, पदर नीट केला आणि अगदी सावकाश पोतं बाजूला केलं. सकाळी आठला खुडलेली मेथी, अंगावर अजून पाणी. ओळीत तेव्हा तशी मेथी कोणाजवळच नव्हती. नोकरीवाल्या बाया यायला लागल्या होत्या. अर्ध्या तासात आमच्यासमोर एवढी गर्दी झाली की सुभद्रामावशींना आपला टोपला मागे घ्यावा लागला. मागे घेता घेता त्या आत्याबाईंना म्हणाल्या, "अंजनाबाई, तुमचा पाय तुटला, डोस्कं नाई तुटलं." आत्याबाई खुशीत हसल्या आणि दोन जुड्या त्यांच्या ओटीत टाकल्या.

परतीच्या ऑटोत मी म्हणाले, "मले सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं तुह्या तोंडावर दिसलं असतं."

"म्हंजे मी शेपू!"

"हाव. मंग कोण?" त्यांनी माझ्या पाठीत हलकासा धपाटा घातला. "पण दोन जुड्या ठेवल्या न, थे चांगलं केलं. थे म्या नोतं सांगतलं."

तो धपाटा मी आजवर जपून ठेवला आहे.

खेळातही हंगाम असतो. तिथे दोन-अडीच महिन्यांनी हंगाम संपतो आणि कमावलेल्या साऱ्या पायऱ्या पुसल्या जातात. पौषात तसा तो संपला. आत्याबाई बऱ्याच वर चढल्या होत्या. सकाळी उघडून पाहिलं तर पुन्हा तळाशी. मला वाटलं, आता मोबाईल फेकतील. त्यांनी थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं. "म्हंजे वाफा मोडला," म्हणाल्या, आणि काठी टेकत टेकत खऱ्या वाफ्याकडे गेल्या. प्लास्टर निघून तेव्हा काही दिवसच झाले होते. त्या वर्षी गारही आली नाही. आपण तिला घरात घेतलं नाही म्हणूनच, असं त्यांचं ठाम मत आहे. मी वाद घालत नाही.

आता त्यांच्याजवळ स्वतःचा मोबाईल आहे. लिहिणं फारसं जमत नाही, पण खेळातून एकमेकींना राक्षसांची चित्रं धाडता येतात, ती त्या धाडतात. खलबत्त्याचं चित्र म्हणजे भाकरी टाका. शेपूचं म्हणजे घरी पाहुणे आलेत, आपल्याला न आवडणारे. सुभद्रामावशी दर बाजाराला ड्रॅगनची खुशाली विचारतात, "तुमचा थो सरडा कसा हाये?" आणि ऊन फार झालं की त्यांचा टोपला आमच्या सावलीत अर्धा हात येतो. त्याला आता कोणी सरकणं म्हणत नाही.

आज या हंगामाच्या मेथीचा पहिला बाजार. काल यावरून आमचं वाजलं. मी म्हणाले, पहाटेच्या गार वाऱ्यात तुमचा पाय ठणकतो, तुम्ही आपलं त्या वर्षासारखं अकराला या, सकाळी मी बसते. त्यांनी ऐकलं नाही. "पयले मी जाते. तू मेथी घेऊन मागून येजो." हटवादीपणा म्हणून मी सोडून दिलं. सहाला त्या शेपू आणि मुळे घेऊन ऑटोत बसल्या, गुडघ्यावर हात दाबत.

मी आठला मेथी खुडली, जुड्या बांधल्या, ओलं पोतं घातलं आणि वाट पाहत ओट्यावर बसले. चाळा म्हणून खेळ उघडला. मैत्रिणींच्या यादीत त्यांची तीन जणांची टोळी दिसते. बऱ्याच दिवसांत मी ती पाहिली नव्हती. नावं बदललेली होती. एकेक अक्षर शोधून दाबायला त्यांना किती वेळ लागला असेल कोण जाणे. पहिल्या जागेवर, मार खाऊन रस्ता करणारी ती हिरवी, केसाळ, एवढीशी शेपू. तिचं नाव आता अंजना होतं. मधे खलबत्ता, तसाच. आणि शेवटच्या जागेवर तो राखाडी ड्रॅगन, ज्याला त्यांनी घरच्या बैलाचं नाव दिलं होतं. त्याच्या खाली लिहिलं होतं, रेणू.

मी किती वेळ ते नाव पाहत राहिले माहीत नाही. डोळे भरून आले होते आणि मला फार, फार बरं वाटत होतं. मग हातातच मोबाईल थरथरला. बाजारातून चित्र आलं होतं, ड्रॅगनचं. दाराशी ऑटोचा हॉर्न वाजला. मी टोपला उचलून डोक्यावर घेतला. ओल्या पोत्याचं पाणी कपाळावरून ओघळलं, ते मी पुसलं नाही.